नळदुर्गचा पाणीमहाल

वाशी म्हटली कीं मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर खाडीपलीकडची वाशी उभी राहते. आमची वाशी ती नव्हे. आमची वाशी बालाघाटाच्या माथ्यावरची, धाराशिव जिल्ह्यांतली. खाडी तर दूरच, उन्हाळ्यांत विहिरीचा तळ दिसूं लागला म्हणजे घागरभर पाण्याचाहि हिशेब करणारी. उत्तरेस मांजरा, पश्चिमेस भूम-परांडा, दक्षिणेस येरमाळ्याची येडाई आणि तिच्याहि पलीकडे तुळजापूरची आई, एवढ्या चौकटींत आमच्या घराण्याच्या कित्येक पिढ्यांचे संसार झाले. या चौकटीबाहेर पाहण्यासारखें कांहीं असेल तर तें पुण्या-मुंबईस किंवा थेट विलायतेस, अशी आमची बरेच दिवस समजूत होती. ती कशी दूर झाली तें वाचकांस सांगावें म्हणून हा लेख.

गेल्या गौरीगणपतींत आमच्या शेजारचा एक तरुण ऑस्ट्रियाहून रजेवर आला होता. आरती झाल्यावर त्यानें आल्प्स पर्वतांतील किल्ल्यांचीं छायाचित्रें आम्हांस दाखविलीं. साल्झबुर्ग शहराच्या डोक्यावरचा होहेनसाल्झबुर्ग किल्ला तेथील आर्चबिशपनें 1077 सालीं बांधावयास घेतला आणि सवाचारशें वर्षांनंतरच्या दुसऱ्या एका आर्चबिशपनें तो आज दिसतो तसा भव्य केला. सामान वर चढविण्याकरितां उतारावरून दोरानें ओढावयाची गाडी तेथें त्या काळींच केलेली होती व तो मार्ग आजहि चालू आहे. 1525 सालच्या शेतकऱ्यांच्या बंडांत आर्चबिशप याच किल्ल्यांत कोंडला गेला, पण किल्ला पडला नाहीं. दुसरें चित्र कॅरिंथिया प्रांतांतील होखओस्टरविट्झ किल्ल्याचें. एकाकी उभ्या सुळक्यावर हा किल्ला, आणि वर जाणाऱ्या वळणावळणाच्या वाटेवर एकामागून एक असे चौदा दरवाजे! या किल्ल्याविषयीं तिकडे एक दंतकथा सांगतात. वेढा लांबला, कोठारें रितीं झालीं, तेव्हां आंतल्या लोकांनीं शेवटचा बैल मारून त्याच्या पोटांत उरलेंसुरलें धान्य भरलें आणि तो तटावरून खालीं लोटून दिला. ज्यांच्यापाशीं फेकून देण्याइतकें अन्न आहे त्यांना उपाशी मारण्याची आशा कशाला, असें मनांत येऊन शत्रूनें वेढा उठविला. ही कथा ऐकून माजघरांतून एक ‘शिव शिव’ ऐकूं आलें. पण युक्तीचें कौतुक सर्वांनींच केलें.

एवढ्यांत आमच्या थोरल्या आत्या म्हणाल्या, “हें सगळें छानच आहे रे. पण तुम्हां मंडळींपैकीं नळदुर्ग कोणीं पाहिलें आहे?”

आम्ही सर्व एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों. कुलधर्माच्या निमित्तानें तुळजापुरास आम्ही वर्षांतून एकदां तरी जातों. तेथून नळदुर्ग अवघें तीस-पस्तीस किलोमीटर. पण देवीची ओटी भरावी, नैवेद्य दाखवावा आणि घरची वाट धरावी, यापलीकडे पाऊल पडलें नव्हतें.

“मीहि पाहिलेलें नाहीं,” आत्या म्हणाल्या. “पण नळदुर्ग पडलें म्हणून आपण घरीं परत आलों. एकदां डोळ्यांनीं पाहावेंसें वाटतें.”

आत्या पंचाऐंशीच्या घरांत आहेत. त्यांच्या तोंडून ‘वाटतें’ हा शब्द आम्हीं फार थोड्या वेळां ऐकलेला असल्यामुळें चार दिवसांतच आम्ही निघालों.

जिल्ह्याचें जुनें ठाणें

येरमाळा, धाराशिव, तुळजापूर असा रस्ता धरला म्हणजे वाशीहून नळदुर्ग शंभर किलोमीटरांच्या आसपास पडतें. सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता गांवास लागूनच जातो. सोलापूरकडून येणारास तें पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरांवर आहे. आज हें तुळजापूर तालुक्यांतील एक गांव. पण आपल्या सबंध जिल्ह्यालाच एके काळीं नळदुर्ग जिल्हा म्हणत, हें आमच्या मुलांना ठाऊक नव्हतें. पुढें जिल्ह्याचें ठाणें धाराशिवला गेलें, मग धाराशिवचें उस्मानाबाद झालें, आणि 2023 मध्यें उस्मानाबादचें पुन्हां धाराशिव झालें. या उलाढालींत नळदुर्गचें नांव मात्र मागें पडलें तें पडलेंच.

नांवाची उपपत्ति लोक नळराजापर्यंत नेतात. दमयंतीच्या नळानें हा किल्ला वसविला, असें गांवांतला प्रत्येकजण सांगेल. तें खरें मानावयाचें कीं नाहीं हें ज्यानें त्यानें ठरवावें. पण चालुक्यांच्या एका मांडलिकाकडे हें स्थळ होतें, मग तें बहामनी सुलतानांकडे आणि बहामनी राज्य फुटल्यावर विजापूरच्या आदिलशहांकडे आलें, हा क्रम इतिहासकार मान्य करतात. पहिला अली आदिलशहा 1558 पासून 1580 पर्यंत गादीवर होता. त्याच्या कारकिर्दींत येथें घडीव दगडाचे भक्कम तट उभे राहिले व किल्ल्याला शहादुर्ग असें नवें नांवहि मिळालें. नांव टिकलें नाहीं, तट टिकले.

विजापूर, अहमदनगर आणि गोवळकोंडें या तिन्ही राज्यांच्या सीमा या मुलुखांत एकमेकींस भिडत. म्हणून परांडा, सोलापूर, नळदुर्ग, औसा हे किल्ले ज्याच्या हातीं त्याचा या पठारावर अंमल. 1580 सालीं अली आदिलशहाचा खून झाला, गादीवर नऊ वर्षांचा दुसरा इब्राहीम बसला आणि कारभार त्याची चुलती चांदबीबी हिच्याकडे आला. ही संधि साधून अहमदनगर व गोवळकोंडें या दोघांच्या फौजांनीं नळदुर्गाला वेढा दिला. पण किल्ला त्यांच्या हातीं लागला नाहीं. त्याच इब्राहीमानें मोठेपणीं जें येथें बांधलें त्यासाठींच आज लोक नळदुर्गला येतात. 1686 मध्यें औरंगजेबानें आदिलशाही बुडविली. किल्ला मोंगलांकडे आणि पुढें निजामाकडे गेला. 1853 च्या तहान्वयें निजामानें वऱ्हाडाबरोबर हा प्रदेशहि इंग्रजांच्या हवालीं केला, आणि 1860 मध्यें तो परत घेतला.

या मधल्या काळांत येथें डेप्युटी कमिशनर म्हणून आलेला कर्नल मेडोज टेलर हा गृहस्थ वाचकांपैकीं कित्येकांना नांवानें परिचित असेल. ठगांच्या जबानीवर रचलेली त्याची कादंबरी 1839 सालीं निघाली व विलायतेंत खूप गाजली. 1853 ते 1857 हीं वर्षें त्यानें नळदुर्गांत काढलीं, आणि पुढें 1863 मध्यें ‘तारा’ नांवाची जी कादंबरी लिहिली तिची नायिका तुळजापूरची ब्राह्मणकन्या केली. आपल्या आत्मचरित्रांत त्यानें या किल्ल्याचें आणि पाणीमहालाचें मोठ्या प्रेमानें वर्णन केलें आहे. ज्या स्थळाच्या बाजूनें आम्ही आयुष्यभर वळसा घालून गेलों, त्याचें कौतुक सातासमुद्रांपलीकडील माणसानें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं केलें, हें वाचून आम्हांला थोडें ओशाळल्यासारखें झालें.

किल्ल्याची रचना

सह्याद्रीवरचे गड पाहून आलेल्या माणसास नळदुर्ग प्रथमदर्शनीं डोंगरी किल्ला वाटत नाहीं. गांवाच्या पातळीवरून चालत गेलें कीं समोर दरवाजा येतो. चढण अशी नाहींच. पण आंत जाऊन पलीकडच्या कडेवर उभें राहावें म्हणजे खरा प्रकार कळतो. पठारापासून पुढें आलेलें काळ्या पाषाणाचें हें एक उंच टेंकाड आहे. बोरी नदी त्याला वळसा घालून जाते आणि तीन बाजूंनीं कडा सरळ तिच्या पात्रांत उतरतो. पठाराशीं जोडलेली जी एक बाजू राहिली तेथें खोल खंदक खणून व दुहेरी तट बांधून ती तोडली आहे. निसर्गानें तीन बाजूंनीं जें काम केलें तें माणसानें चवथ्या बाजूस पुरें केलें.

तटाचा घेर अडीच-तीन किलोमीटर भरतो. बुरूज 114 आहेत असें सांगतात. आमच्या बरोबरच्या मुलांनीं मोजावयास आरंभ केला, पण चाळिसांपुढें त्यांच्यांत मतभेद होऊन तो उद्योग सुटला. त्यांपैकीं नवबुरूज अवश्य पाहावा. याचा घेर सरळ गोल नसून त्याला कमळाप्रमाणें नऊ पाकळ्या काढलेल्या आहेत. दगडाचीं अशीं वळणें साधणारा गवंडी हातीं ओळंबा धरण्यापूर्वीं गणित शिकला असला पाहिजे. किल्ल्यांतील सर्वांत उंच स्थळ म्हणजे उपळ्या बुरूज. टेहळणीसाठीं मध्येंच उभारलेल्या या बुरुजावर दोन लांबलचक तोफा आहेत. एक हत्ती तोफ आणि दुसरी मगर तोफ. बुरुजावरून चारी दिशांचा मुलूख दिसतो. पावसाळा सरत आलेला, सोयाबीन व तूर डोलत असलेली, आणि दूरवर बोरीचें वळण चमकत असलेलें, असें तें दृश्य आम्ही बराच वेळ पाहत राहिलों.

पाण्याच्या पोटांतील घर

उंच किल्ल्याची खरी परीक्षा दाण्याची आणि पाण्याची. दाण्याची गोष्ट वर बैलाच्या कथेंत आलीच आहे. पाण्यासाठीं आल्प्समधील किल्लेदार पावसाचें पाणी हौदांत सांठवीत. आपल्या गडांवर त्यासाठीं टांकीं खोदलेलीं असतात. नळदुर्गच्या धन्यानें मात्र टांकें खोदलें नाहीं. त्यानें नदीच अडविली. किल्ला आणि समोरचा रणमंडळ नांवाचा तटबंदीचा छोटा उपदुर्ग यांच्या मधून बोरीचा प्रवाह जातो. या दोहोंस जोडणारा दगडी बंधारा दुसऱ्या इब्राहीम आदिलशहानें बांधविला. त्यामुळें तिन्ही गोष्टी साधल्या. किल्ल्याच्या कडेशीं बारमाही पाणी आलें, शत्रूच्या वाटेंत अथांग डोह पडला, आणि रणमंडळावर जाण्यास पूल मिळाला.

येथवर ही सर्व युद्धाची अक्कल झाली. पण इब्राहीम हा गाण्याचा वेडा राजा होता. त्यानें त्या बंधाऱ्याच्या पोटांत एक महाल ठेवविला. बंधाऱ्याच्या माथ्यावरून जिना आंत उतरतो. पायऱ्या अंधाऱ्या व ओलसर आहेत. चारपांच वळणांनंतर, म्हणजे आतां आपण नदीच्याहि खालीं आलों असें वाटूं लागतें तोंच, एकदम उजेड येतो आणि आपण कमानींच्या एका देखण्या दालनांत उभे असतों. पाठीशीं, भिंतीपलीकडे, सगळी तुंबलेली बोरी. समोर खिडक्यांतून खालचें मोकळें पात्र. दोन्ही अंगांस बंधाऱ्यावरून पाणी निसटण्यासाठीं मोठे सांडवे ठेवले आहेत; त्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. पावसाळ्यांत ते वाहूं लागले म्हणजे दोन्ही बाजूंनीं धबधबे कोसळतात, दालन त्या आवाजानें भरून जातें, तुषार तोंडावर येतात, परंतु आंतल्या माणसाच्या धोतराचा सोगाहि भिजत नाहीं.

आमच्या सुदैवानें वरचें बोरी धरण नुकतेंच भरून वाहूं लागलें होतें, आणि नर-मादी दोन्ही चालू होतीं. बरोबरच्या आठ वर्षांच्या मुलानें विचारलें, “पाणी वरून जातें, मग खोलींत कां येत नाहीं?” आम्हीं त्याला दाखविलें. खोली बंधाऱ्याच्या खालच्या अंगास, जाड भिंतीच्या आड आहे. पाण्यास जाण्यासाठीं आधींच ठरवून दिलेली वाट आहे, आणि ती खोलीच्या दोन्ही बाजूंनीं जाते. पाण्याला अडवून धरणें हें अर्धेंच काम. त्याला जाऊं कोठून द्यावयाचें हें ठरविणें हेंच खरें शास्त्र. ज्यांचीं शेततळीं व बंधारे एका पावसांत फुटून जातात अशा आमच्या भागांतील लोकांनीं तर या जिन्यानें एकदां उतरून यावें.

येथें फार्सी शिलालेख आहे. काम हिजरी 1022, म्हणजे इसवी सन 1613 चें, आणि करणारा मीर इमादीन. चारशें वर्षांवर पूर त्याच्या अंगावरून गेले. बंधारा उभा आहे. हा महाल पाहून मित्रांचे डोळे उजळोत आणि शत्रूंचे मिटोत, अशा आशयाची इच्छा त्या लेखांत व्यक्त केलेली आहे.

किल्ली

जिना उतरणें आत्यांना शक्य नव्हतें. बंधाऱ्याच्या माथ्यावर, पाण्याकडे तोंड करून, एका सुरक्षित जागीं त्यांना आम्हीं बसविलें होतें. वर येऊन मुलानें त्यांना सर्व वर्णन करून सांगितलें. मित्रांचें व शत्रूंचें वाक्यहि सांगितलें. त्यावर त्या कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग जें बोलल्या तें आम्हीं त्यापूर्वीं कधींच ऐकलें नव्हतें.

1948 च्या पावसाळ्यांत आमची वाशी निजामाच्या राज्यांत होती. रझाकारांच्या धास्तीनें आजोबांनीं बायकामुलें रात्रींच्या रात्रीं बैलगाडींतून बार्शीस, म्हणजे मुंबई प्रांताच्या हद्दींत, पोंचविलीं. एवढें आम्हांला ठाऊक होतें. आत्या तेव्हां आठ वर्षांच्या होत्या. ठाऊक नव्हतें तें असें कीं निघतांना आजीनें घराची किल्ली शेजारच्या मुसलमान काकूंच्या हातीं दिली होती.

“बार्शीला एकांच्या घरीं रेडिओ होता,” आत्या म्हणाल्या. “त्यावर सांगितलें कीं नळदुर्ग घेतलें. सगळीं मोठीं माणसें रडलीं. मला वाटलें, कांहीं वाईट झालें. आई म्हणाली, वेडे, आतां घरीं जावयाचें. दसऱ्याला आलों आपण. घर जसेंच्या तसें होतें. एक भांडें हाललेलें नव्हतें. किल्ली आपल्याच दाराच्या कडीला चिंधींत बांधून ठेवलेली होती. पलीकडच्या घराचीं दारें उघडीं होतीं आणि आंत कोणी नव्हतें. मी आईला विचारलें, काकू कोठें गेल्या? ती कांहीं बोलली नाहीं. पुढें कधींच बोलली नाहीं.”

या विषयाबद्दल आमच्या घरांत जसें मौन राहिलें तसें तें जिल्ह्यांतहि राहिलें आहे. रझाकारांच्या जुलमाच्या कथा आम्हीं लहानपणापासून ऐकल्या, आणि त्या खऱ्या आहेत. पण सैन्य आल्यानंतरच्या आठवड्यांत आपल्याच गांवांतील निरपराध मुसलमान कुटुंबांवर जें गुदरलें तेंहि खरें आहे. त्याची चौकशी करण्यास केंद्र सरकारनें पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें सर्वाधिक झळ पोंचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचें नांव घातलें होतें. तो अहवाल कित्येक दशकें प्रसिद्ध झाला नाहीं.

“काकू यांपैकीं कोणांत?” आत्यांनीं विचारलें. “मित्रांत कीं शत्रूंत?”

उत्तर देण्याचें आम्हांपैकीं कोणास सुचलें नाहीं. मुलानें मात्र “मित्रांत” असें तत्काळ सांगितलें, आणि आत्यांनीं त्याच्या पाठीवरून हात फिरविला.

बोरीचा पूल

परत फिरण्यापूर्वीं हमरस्ता जेथें बोरी ओलांडतो तेथें आम्ही थांबलों. 13 सप्टेंबर 1948 रोजीं पहांटे हिंदी सैन्य सोलापूरकडून हैदराबादच्या हद्दींत शिरलें, आणि त्याची पहिली झुंज नळदुर्गास झाली. बोरीवरचा पूल उडवून देण्याची तयारी निजामाच्या बाजूनें होती. तो उडता तर पावसाळ्याच्या ऐन भरांत रणगाडे व गाड्या अलीकडेच अडकून पडत्या. परंतु चढाई इतक्या त्वरेनें झाली कीं पूल सुरक्षित हातीं आला, आणि तो उडविण्याची कामगिरी ज्याच्याकडे होती तो भाडोत्री इंग्रज अधिकारीहि पकडला गेला. 17 सप्टेंबरला निजामानें युद्ध थांबविलें. पांच दिवसांत सर्व आटोपलें. ज्या टेंकाडावर शतकानुशतकें वेढे पडले त्यानें पाहिलेली ही शेवटची लढाई.

आतां तेथें वाहनें क्षणांत नदी ओलांडून जातात. आत्या गाडींतून उतरल्या, काठाशीं उभ्या राहिल्या आणि त्यांनीं नदीला हळदकुंकू वाहिलें. कुंकवाची पुडी त्यांनीं तुळजापुराहूनच जपून ठेवलेली होती. “एवढीशी नदी!” एवढेंच त्या म्हणाल्या.

नळदुर्ग पाहूं इच्छिणाऱ्या वाचकांसाठीं दोन शब्द. किल्ला राज्य संरक्षित स्मारक असून, खाजगी मदतीनें स्मारकांचें संगोपन करण्याच्या शासकीय योजनेखालीं येथें बरीच साफसफाई व डागडुजी झालेली आहे. पाणीमहाल केव्हांहि पाहतां येतो. पण धबधब्यांसाठीं भाद्रपद-आश्विनांत, आणि वरचें धरण भरल्याची खात्री करून घेऊन जावें. पुरेसा वेळ हातीं ठेवावा व पायांत न घसरणारे जोडे असावेत. पौषी पौर्णिमेस नळदुर्गच्या खंडोबाची मोठी जत्रा भरते. हा देव वर्षाचा कांहीं काळ येथें व कांहीं काळ जवळच्या अणदूरला राहतो. ज्यांचें कुलदैवत खंडोबा आहे त्यांना तोहि योग साधतां येईल.

घरीं परतल्यावर आत्यांनीं आपल्या जुन्या पेटींतून एक लोखंडी किल्ली काढून त्या मुलाच्या हातांत ठेवली. तिचें कुलूप केव्हांच मोडीत गेलें. ती कोठें ठेवावी असें त्यानें विचारलें तेव्हां आत्या म्हणाल्या, “देवघरांत.” ती तेथें आहे.